मध्येच थांबवता येईल अशी भेटवस्तूंची खरेदी

नोकरी टिकेल की नाही, धंद्यातली येणी वेळेवर येतील की नाही, महागाई आणखी किती चढेल, यातलं काहीच धड सांगता येत नाही, अशा वर्षी सणाच्या भेटवस्तूंबद्दल जो तो एकच सल्ला देतो: हात आखडता घ्या. हा सल्ला अपुरा आहे. किती आखडता, कुणाच्या बाबतीत, आणि निम्मी खरेदी झाल्यावर पैसे यायचे थांबले तर काय, हे त्यात कुठेच येत नाही. अशा वर्षी खरेदीची आखणीच अशी हवी की कुठल्याही आठवड्यात ती थांबवावी लागली तरी ज्यांना द्यायलाच हवं त्यांचं घेऊन झालेलं असेल, आणि डोक्यावर एकही हप्ता नसेल. खाली जे काही सांगतोय ते सगळं या दोन अटींसाठी आहे.

सुरुवात रकमेपासून करायची, यादीपासून नाही. यादी आधी केली की रक्कम तिच्यामागे फरफटत जाते.

गेल्या वर्षी सणाच्या आधीचे दोन महिने आणि नंतरचा एक, अशी तीन महिन्यांची बँकेची आणि कार्डाची स्टेटमेंट काढा. भेटींशी संबंधित प्रत्येक ओळीवर खूण करा: वस्तू, पॅकिंग, कुरिअर, खेळण्यांच्या बॅटऱ्या, ऐनवेळी धावत जाऊन आणलेली एखादी गोष्ट. ही बेरीज मनातल्या आकड्यापेक्षा जास्त निघते, कारण आपल्या लक्षात वस्तू राहतात, त्यांच्या भोवतीचा खर्च राहत नाही.

मात्र यंदाची मर्यादा म्हणजे गेल्या वर्षीच्या आकड्यातून थोडं वजा केलेली रक्कम नव्हे. ती वेगळी काढायची. घरभाडं किंवा गृहकर्ज, किराणा, वीज, फी, औषधं, विमा आणि चालू हप्ते यांची महिन्याची बेरीज करा. हा झाला मूळ खर्च. असा निदान तीन महिन्यांचा मूळ खर्च शिलकीत बाजूला राहिला पाहिजे; भेटींचे पैसे त्याच्या वरच्या रकमेतून. वर काहीच उरत नसेल तर सणापर्यंत किती आठवडे आहेत ते मोजा आणि दर आठवड्याला खरोखर बाजूला टाकता येईल अशा रकमेने गुणा. दहा आठवडे असतील तर दहा वेळा, बस. येणारा बोनस, मिळणार असलेली थकबाकी, कुणी परत करणार असलेले उसने पैसे खात्यात जमा होईपर्यंत धरायचे नाहीत. अनिश्चित वर्षातले बहुतेक घोटाळे इथेच होतात: येणार म्हणून ठरलेला पैसा आधीच खर्चून टाकलेला असतो.

ही रक्कम शंभर भाग धरली तर साधारण 70 भाग वस्तूंसाठी, 12 पॅकिंग, कुरिअर आणि जोडसामानासाठी, 10 ऐनवेळी आठवणाऱ्या नावांसाठी आणि 8 भाव वाढले तर म्हणून. बऱ्याच भेटी परगावी जाणार असतील तर 12चे 20 करा आणि ते वस्तूंच्या वाट्यातून काढा. विसरलेल्या नावांचे 10 मात्र कापू नका. दर वर्षी दोन-तीन नावं ऐनवेळी येतातच, आणि तरतूद नसली की ती थेट कार्डावर जातात. शक्य असेल तर ही सगळी रक्कम रोजच्या खात्यातून काढून वेगळ्या खात्यात किंवा पाकिटात ठेवा, म्हणजे किती उरले हे वेगळं मोजावं लागत नाही.

आता यादी. एका कागदावर किंवा साध्या स्प्रेडशीटमध्ये सात रकाने पुरतात: नाव, वस्तू, कमाल किंमत, कुठून, कधीपर्यंत घ्यायची, परत करण्याची शेवटची तारीख, झाली की नाही. यातला सहावा रकाना बहुतेक जण ठेवतच नाहीत, आणि खरेदी मध्येच थांबवायची वेळ आली की सगळ्यात जास्त कामाला तोच येतो. ‘झाली’ अशी खूण केलेल्या वस्तूसमोर प्रत्यक्ष दिलेली रक्कमही लिहा. कमाल किमतीपेक्षा जास्त गेले असतील तर फरक त्याच दिवशी यादीतल्या दुसऱ्या कुणाच्या तरी रकान्यातून वजा करा. नंतर बघू म्हटलं की ते राहतंच.

नावांचा क्रम जवळिकीवर लावू नका. न दिल्यास काय होईल, यावर लावा. लहान मुलं, वाट बघणारी म्हातारी माणसं आणि आपल्याकडे काम करणारी माणसं सर्वांत वर. मुलांना परिस्थिती समजत नाही. कामाची माणसं त्या रकमेच्या भरवशावर असतात, आणि त्यांची स्थिती आपल्यापेक्षा नाजूक असते. त्यांच्या वाट्याला कात्री लावून ऑफिसातल्या सहकाऱ्यांना मग आणि फोटोफ्रेम देण्यात काही अर्थ नाही. दुसऱ्या गटात मोठी भावंडं, त्यांचे जोडीदार, जवळचे मित्र. तिसऱ्या गटात केवळ रिवाज म्हणून चाललेलं देणंघेणं. खरेदीही याच क्रमाने. पहिला गट पूर्ण झाल्याशिवाय तिसऱ्यातली एकही वस्तू घ्यायची नाही, कितीही स्वस्त मिळत असली तरी.

दुसऱ्या गटात खरी बचत वस्तू स्वस्त शोधून होत नाही, बोलून होते. हे बोलणं सणाच्या सहा ते आठ आठवडे आधी व्हायला हवं. उशीर झाला तर समोरच्याने आपल्यासाठी आधीच घेतलेलं असतं आणि मग दोघंही अवघडतात. लांबलचक कारणं देत बसू नका. “ताई, या वर्षी आपण मोठ्यांनी एकमेकांना काही घ्यायला नको, फक्त मुलांना देऊ या. चालेल ना तुला?” एवढं पुरतं. नोकरी गेली असेल तरी तेही सांगितलंच पाहिजे असं नाही. समोरच्याचीही तीच ओढाताण चाललेली असण्याची शक्यता मोठी असते, आणि कुणीतरी आधी बोललं याचं त्याला हायसं वाटतं.

घर मोठं असेल तर चिठ्ठ्या टाका. दहा माणसांनी प्रत्येकाने प्रत्येकाला द्यायचं म्हटलं तर 90 वस्तू लागतात. चिठ्ठ्या टाकून एकाने एकालाच द्यायचं ठरवलं तर 10. पण चिठ्ठ्या टाकण्याची नेहमीची पद्धत फसते. दहा जणांनी डब्यातून एकेक चिठ्ठी उचलली तर कुणालाच स्वतःचं नाव येणार नाही असं 100 पैकी साधारण 37 वेळाच घडतं. उरलेल्या 63 वेळा निदान एकाला तरी स्वतःचंच नाव येतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते; त्यात कुणाची चिठ्ठी कुणी पाहिली याचा गोंधळ वेगळाच. त्यापेक्षा या खेळात नसलेल्या एका माणसाकडे सगळ्या चिठ्ठ्या द्या. त्याने त्या पिसून गोलात मांडायच्या. प्रत्येकाने आपल्या उजवीकडच्या नावाला द्यायचं. स्वतःचं नाव येणं शक्यच नाही. नवरा-बायको शेजारी आले तर एक चिठ्ठी उचलून दुसरीकडे ठेवायची. मग तो प्रत्येकाला फक्त त्याचं एक नाव कळवेल. किमतीची वरची मर्यादा ठरवाच, पण खालचीही ठरवा. फक्त वरची असली की एकाला मर्यादेइतकं मिळतं, दुसऱ्याला त्याच्या चौथा हिस्सा, आणि पुढच्या वर्षी कुणी चिठ्ठी उचलायला तयार नसतं.

काय द्यायचं, याबद्दल दोन अभ्यास इथे कामाचे आहेत. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी 1993 साली मांडलेल्या निष्कर्षानुसार नाताळच्या भेटी मिळालेल्या विद्यार्थ्यांना त्या वस्तूंचं मोल त्यांच्या किमतीपेक्षा 10 टक्के ते एक तृतीयांशाने कमी वाटत होतं. मित्रांनी दिलेल्यांत ही घट कमी, लांबच्या नातेवाइकांनी दिलेल्यांत जास्त. कारण उघड आहे, ते घेणाऱ्याला फारसं ओळखत नाहीत. 2009 साली फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स यांना असं आढळलं की महाग भेट जास्त आवडेल असं देणाऱ्याला वाटतं, पण घेणाऱ्याच्या आवडीचा किमतीशी तसा संबंध दिसत नाही. म्हणजे किंमत खाली आणल्याने जेवढी लाज वाटते तेवढं समोरच्याला काही जाणवत नाही. चुकीची वस्तू मात्र जाणवते. ज्याला आपण नीट ओळखत नाही त्याच्यासाठी अंदाजाने वस्तू घेण्यापेक्षा सरळ विचारावं किंवा रोख द्यावी. मला तरी विचारण्यात काहीच कमीपणा दिसत नाही.

‘लवकर घ्या’ हा दुसरा सरसकट सल्ला. तो अर्धाच खरा आहे. मागणीनुसार बनणाऱ्या वस्तू, नाव कोरायचं असलेल्या वस्तू, परगावी जाणारी पार्सलं आणि एखाद्या मुलाने नेमकं सांगितलेलं खेळणं एवढं लवकर घ्या. विजेवर चालणाऱ्या वस्तू लवकर घेऊ नका. वॉरंटी साधारणपणे बिलाच्या तारखेपासून मोजली जाते; सणाच्या तीन महिने आधी घेतलेल्या वस्तूची बारापैकी तीन महिन्यांची वॉरंटी कपाटातच संपते, आणि परत करण्याची मुदत तर केव्हाच गेलेली असते. खोका उघडल्यावर बिघाड निघाला तर दुकान दारातही उभं करत नाही. लवकर घ्यावीच लागली तर आणल्याबरोबर एकदा चालू करून पाहा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा. पुष्कळ पावत्या थर्मल कागदावर छापलेल्या असतात आणि काही महिन्यांत त्यांवरची अक्षरं उडतात. वाढत्या मुलांचे कपडे तीन-चार महिने आधी घेतले तर एक माप मोठेच घ्या. क्रीम, अत्तरं यांवरची मुदत वाचूनच घ्या. ऐन सेलमध्ये मुदत जवळ आलेला माल पुढे येतो.

परगावी पाठवताना वजनापेक्षा आकार जास्त महाग पडतो. बरेच कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात आणि येणारा आकडा किलोमध्ये धरतात; तो खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर पैसे त्याचे लावतात. 40 × 30 × 25 सेंटिमीटरच्या खोक्यात एक किलोचं मऊ खेळणं भरलं तर भाडं सहा किलोचं. वस्तू निवडतानाच हे डोक्यात असू द्या. पुस्तक, कापड, दागिना, लहान हत्यार हे पाठवायला स्वस्त. उशी, टोपली, मोठं खेळणं महाग.

आता सूट. सूट वाचताना टक्के मिळवायचे नसतात, गुणायचे असतात. 20 टक्के आणि वर आणखी 10 टक्के म्हणजे 30 नव्हे, 28. ‘दुसऱ्या वस्तूवर 50 टक्के’ म्हणजे दोन्ही मिळून 25. ‘दोनवर एक फुकट’ म्हणजे 33, तेही तिन्ही हवे असतील तरच. आणि भाव आधी 25 टक्क्यांनी चढवून मग 20 टक्के सूट दिली तर किंमत होती तिथेच येते: 100 चे 125, 125 चे पुन्हा 100. म्हणून यादीतल्या मोठ्या पाच-सहा वस्तूंची किंमत सेल लागायच्या चार-पाच आठवडे आधी लिहून ठेवा, तारखेसकट. सेलच्या दिवशी तुलना या आकड्याशी करायची, खोडलेल्या किमतीशी नाही. पाकीटबंद संचांचं वजनही बघा. 500 ग्रॅमचं पाकीट त्याच किमतीत 450 चं झालं असेल तर भाव 11 टक्क्यांनी वाढलाय, पाटीवरचा आकडा हलला नसला तरी. मोफत डिलिव्हरीसाठी रक्कम पुरी करायला एखादी बिनकामाची वस्तू टाकण्याआधी डिलिव्हरीचे पैसे आणि त्या वस्तूची किंमत शेजारी शेजारी लिहून बघा.

हप्त्यांबद्दल मी कडक आहे. भेट हप्त्यावर घेऊ नये. उत्पन्न पक्कं असताना हप्ता ही गैरसोय असते. उत्पन्न डळमळीत असताना तो धोका असतो, कारण खरेदी थांबवता येते, हप्ता थांबवता येत नाही. क्रेडिट कार्डाचं व्याज महिन्याला 3 टक्के असेल तर चक्रवाढीने वर्षाला ते 36 नव्हे, 42.6 टक्के होतं. दरमहा फक्त मिनिमम ड्यू भरत राहणं हा सगळ्यात वाईट मार्ग. समजा 100 ची थकबाकी आहे, व्याज महिना 3 टक्के आणि किमान भरणा बाकीच्या 5 टक्के. वर्षभर नियमाने भरत गेलात तर तुमच्या खिशातून 55 जातील, आणि वर्षाच्या शेवटी अजून 77 देणं असेल. तोवर पुढचा सण आलेला असतो. ‘बिनव्याजी’ हप्त्यात व्याज बऱ्याचदा दुसरीकडे बसलेलं असतं: रोखीवरची सूट हप्त्यावर मिळत नाही, किंवा प्रोसेसिंग फी लागते. रोख किती पडेल हे दुकानदाराला स्पष्ट विचारा आणि सगळ्या हप्त्यांची बेरीज तिच्याशी ताडून पाहा. आत्ता घ्या, नंतर द्या अशा छोट्या उधारीत प्रत्येक रक्कम किरकोळ दिसते, पण चार दुकानांचे चार हप्ते वेगवेगळ्या तारखांना येतात आणि एक चुकला की दंड. आधीच अशी उधारी झाली असेल तर सगळ्या तारखा एका कागदावर लिहा आणि ज्याचा दर सर्वांत जास्त ते आधी फेडा, भेटी नंतर.

गिफ्ट कार्ड सोयीचं वाटतं, पण मंदीच्या काळात त्यात एक खास धोका आहे. कार्ड म्हणजे दुकानाला आपण आगाऊ दिलेले पैसे. दुकान दिवाळखोरीत गेलं तर दुकानाकडून ज्यांचे पैसे येणं आहे त्यांच्या रांगेत कार्डधारक पार मागे उभा असतो आणि बहुतेकदा त्याच्या हाती काही लागत नाही. शिवाय मुदत असते, आणि शेवटी उरलेली किरकोळ शिल्लक तशीच पडून राहते. एखाद्या दुकानाच्या शाखा बंद पडत असल्याचं कानावर आलं असेल तर त्याचं कार्ड घेऊ नका, आणि कुणी दिलंच तर महिनाभरात वापरून टाका. रोख पाकीट कधीही बरं.

हाताने करून देण्याचा विचार असेल तर आधी एक नग करा, घड्याळ लावून. पहिल्या नगाला लागलेल्या वेळाच्या निम्म्याने पुढचे होतील असं धरलं तरी दहा नगांना साडेपाच पट वेळ लागतो. पहिल्याला चार तास लागले तर एकूण बावीस. एवढे तास रोजच्या कामातून निघणार आहेत का, ते आधी पाहा. फसतं ते इथेच: शेवटच्या आठवड्यात चार नग अर्धवट असतात आणि त्यांच्या जागी धावपळीत विकतच्या वस्तू घ्याव्या लागतात, म्हणजे साहित्याचा खर्च झाला आणि वस्तूंचाही. नवीन हत्यारं किंवा साचे विकत घ्यावे लागत असतील तर ते स्वस्तही पडत नाही. ज्याचं सामान आणि हातखंडा आधीपासून आहे तेच करावं.

आणि मध्येच खरोखर थांबावं लागलं तर? त्याच दिवशी यादी काढा. पाठवून न झालेल्या ऑर्डर आधी रद्द करा. निघालेलं पार्सल परत करण्यापेक्षा ते सोपं असतं. मग परतीच्या तारखांचा रकाना पाहा आणि ज्याची मुदत आधी संपते ते आधी परत करा, खालच्या गटापासून वर येत. पैसे परत मिळणार की दुकानाची क्रेडिट नोट, म्हणजे त्याच दुकानात वापरायची चिठ्ठी, हे घेतानाच विचारून ठेवलेलं असावं. क्रेडिट नोटेने वीज-बिल भरता येत नाही. पहिल्या गटाला हात लावू नका, ते पैसे खर्च झाले असं धरा.

हे सगळं जमायचं तर वस्तू परत करण्याजोग्या राहिल्या पाहिजेत. म्हणून खोके फोडू नका, टॅग कापू नका, आणि गुंडाळायचं काम परतीची मुदत संपल्यावर किंवा आदल्या रात्री करा. कागदाचं मापही आधी काढता येतं: खोक्याची रुंदी आणि उंची मिळवून दुप्पट, अधिक तीन सेंटिमीटर ही एक बाजू; लांबी अधिक उंची, वर दोन सेंटिमीटर ही दुसरी. 30 × 20 × 10 चा खोका 63 × 42 च्या कागदात बसतो, म्हणजे 50 × 70 चा एक ताव पुरतो. किमतीचं लेबल सगळ्यात शेवटी काढायचं. नखाने खरवडलं की अर्धं चिकटून राहतं. हेअर ड्रायरची गरम हवा वीस-तीस सेकंद द्या, एक कोपरा उचला आणि पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ठेवून सावकाश मागे ओढा. काचेवर, धातूवर चिकटा राहिलाच तर बोटावर तेलाचा थेंब घेऊन चोळा आणि कोरड्या फडक्याने पुसा; कागदावर आणि कापडावर मात्र तेल लावू नका, डाग जात नाही.